बगळीचे दिवे

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज थोडक्यात निभावलं. चिंचखेड्याहून कवितेचा तास आटोपून धुळ्याला परतत होतो. नाल्यावरचा फरशी पूल ओलांडला आणि समोर कापसाने भरलेली ट्रॉली उभी. मागे ना लाल दिवा, ना चकाकणारी पट्टी. ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. बगळी, म्हणजे आमची अठरा वर्षांची पांढरी गाडी (नाव मीच ठेवलं), ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. कापसाचा एक पुंजका अलगद येऊन काचेवर बसला. जीव मुठीत होता, तरी मनात आलं, काय सुंदर उतरला!

बायकोला, कमलला, सांगायला नको होतं. तिने त्याच पावली जळगावला सुलक्षणाला फोन लावला. लेकीचा निकाल तयारच.

"नाना, संध्याकाळची गाडी बंद. तास दुपारी घ्या."

दुपारी कोण येईल? तासाला येणारी माझी 'मुलं' पन्नाशीची आहेत. चिंचखेड्याच्या शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं. तेव्हा पाठ केलेल्या कविता त्यांना पुन्हा एकत्र म्हणायच्या असतात. शेतातून घरी येतात, हातपाय धुतात, आणि साडेपाच ते पावणेसात शाळेच्या ओट्यावर मांडी घालून बसतात. दर मंगळवारी आणि शुक्रवारी. संध्याकाळची गाडी बंद म्हणजे तास बंद. आणि तास बंद म्हणजे मी उरलो नुसता पेन्शनीतला माणूस.

"दोष माझा नाही, दिव्यांचा आहे," मी म्हणालो. डोळ्यांचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वीच झालंय. डॉक्टर म्हणाले होते, गुरुजी, तिशीतली नजर आहे.

"पंधरा डिसेंबरला येते मी. तोवर पटवून द्या. नाहीतर बगळी जळगावला, मेहरूणला आमच्या दारात."

"पटवून देईन. फोटोनिशी."

१४ नोव्हेंबर, गुरुवार

पारोळा रोडवर युवराजचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. माझाच विद्यार्थी. शुद्धलेखनात नापास, पण विजेची तार हातात घेतली की पहिला नंबर. बगळीच्या दिव्यांवर टिचकी मारून म्हणाला, "गुरुजी, काच पिवळी पडली. बल्बही दमला. एलईडी टाका, पांढराशुभ्र. गिऱ्हाईक म्हणतं, रात्रीचा दिवस होतो."

"गिऱ्हाईक म्हणतं हा पुरावा नाही रे. आधी मोजू."

"उजेड कसा मोजणार?"

"भिंतीवर पाडून. फोटो काढून."

तो हसला, पण मला ठाऊक आहे, मनातून प्रभावित झाला.

लहानपणी आमच्या घरी संध्याकाळी कंदिलाची काच पुसायचं काम माझ्याकडे होतं. चुलीतली राख, चिंधी आणि तोंडाची वाफ. काच पुसून कंदील लावला की आई म्हणायची, आला बघ चंद्र घरात. उजेडाशी माझं नातं तेव्हापासूनचं आहे. हे काम माझ्याइतकं कोणाला जमणार?

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

जागा ठरली. शाळेची पूर्वेकडची भिंत, समोर सपाट मैदान. याच भिंतीवर मी पस्तीस वर्षांपूर्वी स्वतः रचलेल्या चार ओळी निळ्या रंगात लिहिल्या. पहिलीच्या पोरांना जमिनीवर बसून वाचता याव्यात म्हणून अगदी खाली, कमरेच्या आसपास. दरवर्षी कोणीतरी त्या पुन्हा गिरवतं.

आकाशाला हात लाव, चांदण्यांशी बोल,
डोंगराच्या माथ्यावर वाजव तू ढोल;
पायापुढे उजेडाचा अंथर तू शेला,
समोरून येणारा तो सोबतीच झाला.

पहिल्या दोन ओळी मला आजही आवडतात. शेवटच्या दोन यमकासाठी भरल्या होत्या, खोटं कशाला बोलू.

तास सुटल्यावर बगळी भिंतीपासून बरोब्बर पंचवीस फुटांवर लावली. चाकांत हवा नीट, टाकी अर्धी. बल्बच्या मध्याची उंची फुटपट्टीने घेऊन भिंतीवर खडूने आडवी रेघ मारली. ती दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मधोमध आली. निरोप समारंभात शाळेने दिलेला कॅमेरा तिपाईवर ठेवला. आधी आहेत ते दिवे लावले. पिवळट, मरगळलेला उजेड. तिसरी ओळ अर्धवट, चौथी कशीबशी. वरच्या दोन अंधारात.

माझ्या शिलालेखाची ही दशा! या दिव्यांना दहापैकी तीन.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

फसलो. युवराजने जास्त वॅटचा एक बल्ब उसना दिला होता, त्याचाही फोटो काढला. डोळ्यांना फरक दिसत होता, पण फोटो बघावेत तर दोन्ही जुळ्या भावंडांसारखे!

घरी येऊन कॅमेऱ्याचं माहितीपत्रक काढलं. चूक सापडली. कॅमेरा स्वतःच्या मर्जीने अंधाराला जास्त उजेड आणि उजेडाला कमी देत होता. म्हणजे पेपर कोरा असो की भरलेला, सगळ्यांना पस्तीस गुण देऊन पास करणारा परीक्षक. अशा परीक्षकांशी मी नोकरीभर भांडलो.

आता मर्जी बंद. सगळ्या फोटोंना झडप उघडी राहायची वेळ एकच, उजेड आत घेणारं छिद्र एकच, पांढऱ्या रंगाची व्याख्याही एकच. कमल म्हणाली, "एवढं कडक तुम्ही पोरांना तपासलं असतं, तर अर्धं गाव अजून पहिलीतच असतं."

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आजचा दिवस सोन्याचा!

युवराजने एलईडी बसवले. चिंचखेड्यात पोचून तास घेतला, अंधार पडला, बगळी खुणेवर लावली आणि दिव्याचं बटण दाबलं. भिंत नुसती उजळली नाही, जागी झाली! चारी ओळी दिसल्या. 'आकाशाला हात लाव' लखलखत होतं. त्याच्या वर शाळेचं नाव, त्याच्या वर कौलं, कौलांवरचं मांजर, आणि मागच्या कडुनिंबाची पानं. खडूच्या रेघेखाली जेवढा उजेड, तेवढाच वर. एकाच्या पैशात दोन! ओट्यावरची मंडळी डोळे बारीक करून बघत राहिली. माझ्या ओळींनी भारावली असावीत. झुलाल पाटलाने तर तोंडच फिरवलं. त्याला भरून येतं लवकर.

दहापैकी दहा. मी सहसा देत नाही.

दुपारी बसवताना युवराज एकदा म्हणाला होता, "गुरुजी, फोकस जरा खाली घेऊ का? वर भलता फेकतोय."

"वर फेकतो तोच तर गुण आहे. खाली कशाला बघायला लावतोस दिव्याला?"

"तसं नाही गुरुजी, समोरून..." एवढं बोलून तो थांबला. "राहू द्या. तुम्ही म्हणाल तसं."

शाळेत असतानाही हा असाच, वाक्य पुरं करायचा नाही.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

एक नवल नोंदवून ठेवतो. येताना वाटेत समोरून सात दुचाकी आल्या. सातही जणांनी हात कपाळाशी नेऊन मला नमस्कार केला. जुन्या दिव्यांत गाडी ओळखूच येत नसणार. आता लांबूनच कळतं, गुरुजी आले. निवृत्त होऊन एवढी वर्षं झाली, तरी या वाटेवर माझी ओळख आहे! मीही प्रत्येकाला हॉर्नने उत्तर दिलं.

कमलला सांगितलं. ती म्हणाली, "सातही जण तुमचेच विद्यार्थी?"

"नाहीतर काय!"

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

अकरा नमस्कार. एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती, तिनेसुद्धा एक हात सोडून कपाळाशी नेला. गाडी थांबवून उतरावंसं वाटलं. एका ट्रॅक्टरवाल्याने काहीतरी मोठ्याने म्हटलं, ते काच बंद असल्यामुळे ऐकू आलं नाही.

सुलक्षणाला फोनवर सगळे फोटो ओळीने समजावले. म्हणाली, "छान आहेत नाना. पण मला रस्त्यावरचं सांगा."

"रस्त्यावरचं? रस्ता मला नमस्कार करतो."

३ डिसेंबर, मंगळवार

परतताना फरशीच्या वळणावर अभिमन भेटला. माझ्या अगदी पहिल्या तुकडीतला. मळ्यात म्हशी आहेत. रोज संध्याकाळी धुळ्याला दूध पोचवून याच वेळी मोटरसायकलने परततो, म्हणून बिचाऱ्याला तासाला येता येत नाही. त्यामुळे आमची भेट म्हणजे ही वळणावरचीच. आज त्याने कमालच केली. एक हात हँडलवर, दुसरा थेट कपाळावर आडवा, चेहरा निम्मा झाकेपर्यंत. दोन्ही बाजूंना रिकाम्या किटल्या खडखडतायत, आणि हा नमस्कारात मग्न! मी लांबलचक हॉर्न दिला.

एवढा आदर ठेवायलाही मोठ्या मनाचा माणूस लागतो.

५ डिसेंबर, गुरुवार

वाईट बातमी. अभिमन मंगळवारी फरशीवरून नाल्यात पडला. उजव्या पायाची नडगी मोडली, दीड महिना प्लास्टर. झुलालने फोनवर सांगितलं. कुठल्यातरी गाडीच्या उजेडाने डोळे दिपले म्हणे. म्हणजे मी पुढे गेल्यावर लगेच मागून कोणी उद्धट गाडीवाला आला असणार. चार मिनिटं थांबलो असतो, दोन शब्द बोललो असतो, तर वाचला असता. चुटपुट लागून राहिली.

झुलालला विचारलं, कोणाची गाडी? तो म्हणाला, "काय माहीत, गुरुजी." आणि फोन ठेवला.

६ डिसेंबर, शुक्रवार

तासाच्या आधी अभिमनकडे जाऊन आलो. केळी आणि मोसंबी नेली. खाटेवर पाय उशीवर ठेवून पडला होता. मला बघून उठायलाच निघाला. दटावून पुन्हा निजवला.

"कशी होती रे गाडी?"

"ध्यान नही, गुरुजी. डोयासमोर बठ्ठं धवयं व्हयनं. मंग नालाच दिखना."

"सगळं पांढरं झालं म्हणतोस. पण नंबर? रंग?"

तो आढ्याकडे बघत राहिला. "नही दखा."

त्याची बायको मंदाबाई दारात उभी राहून बाहेर लावलेली बगळी न्याहाळत होती. म्हणाली, "गुरुजी, गाडीना दिवा नवा शेतस का?"

"नवेच! आवडले?"

"आवडनात तं. बठ्ठा गावले आवडनात."

"तू जाय, चहा मांड," अभिमन एकदम मोठ्याने म्हणाला. एवढा आवाज चढवणारा हा माणूस नाही. दुखत असणार.

चहा पिताना मी त्याला शब्द दिला. त्या गाडीवाल्याला मोकळा सोडणार नाही. अर्ज करेन, सह्या घेईन, आणि अर्जाला पुरावा जोडेन. समोरून येणाऱ्याला सभ्य गाडीचा उजेड कसा दिसतो आणि असभ्य गाडीचा कसा, दोन फोटो शेजारी शेजारी. सभ्य गाडीचा नमुना म्हणून बगळी आहेच.

"गुरुजी, जाऊ द्या ना ते," अभिमन म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. किती क्षमाशील!

१० डिसेंबर, मंगळवार

तास लवकर आटोपून फरशीवर गेलो. युवराजला दुकान बंद करून बोलावलं होतं. गाडी चालवायला माणूस हवा ना.

"तू धुळ्याकडे जातोस तशी गाडी आण, नेहमीच्या वेगाने. मी अभिमनच्या जागी उभा राहतो, कॅमेरा घेऊन."

युवराज किल्ली हातात खेळवत राहिला. "गुरुजी, तुम्ही बसा गाडीत. मी उभा राहतो."

"फोटो तुला जमेल का? छिद्र, वेळ, सगळं पक्कं करून ठेवलंय."

"मग नकोच ना फोटो."

"युवराज, वाक्य पुरं कर. आयुष्यात एकदा तरी."

त्याने नाही केलं. गेला.

मी फरशीच्या कठड्याशी, अभिमनच्या बाजूला तिपाई मांडली. उजव्या हाताचं बोट बटणावर. नाल्यात अजून त्याची एक किटली पालथी पडलेली, अंधुक दिसत होती. बाभळीमागून बगळीचा आवाज ओळखू आला. वळण घेतलं तिने.

फोटो निघाला नाही. बटण दाबायचा हात कपाळावर होता.

११ डिसेंबर, बुधवार

२६ नोव्हेंबर, २९ नोव्हेंबर, ३ डिसेंबर. ही पानं पुन्हा वाचली. फाडणार नाही. विद्यार्थ्याला वहीचं पान फाडू दिलं नाही कधी.

भिंतीचा दहापैकी दहावाला फोटो काढून बघितला. खडूच्या रेघेच्या वर जे आहे, मांजर, कौलं, कडुनिंब, ते सगळं कोणाच्या तरी डोळ्यांत जातं. फोटोत ते पहिल्या दिवसापासून होतं. युवराजने सांगितलंही होतं, अर्धं. उरलेलं अर्धं मला ऐकायचं नव्हतं.

दुपारी बसने चिंचखेड्याला गेलो. बगळी घेऊन जायला पाय धजेना. अभिमनच्या खाटेशी बसलो आणि सरळ सांगितलं, "ती गाडी माझी होती."

तो म्हणाला, "माले म्हाईत व्हतं, गुरुजी. हॉर्न वळखना मी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कसा सांगू? तुम्हीच ना माले बाराखडी शिकाडी."

मंदाबाई आतून म्हणाल्या, "मी कव्हयनी सांगस, गुरुजीसले सांगी द्या. ह्या आयकतीन तवय ना! पाय मोडना, पन गुरुजीनं मन मोडाले नको."

म्हणजे मंदाबाई पहिल्यापासून त्याला सांगून टाका म्हणत होत्या, आणि साऱ्या गावाला ठाऊक होतं. माझी चूक मला दाखवायची नाही, ही शिस्त मीच लावली होती एकतीस वर्षं. छडीने नव्हे, पण लावली होती.

मी मंदाबाईंना म्हणालो, "आता सांगा. काय काय बोलायचं राहिलंय, सगळं."

त्यांनी सांगितलं. पदर खोचून, अर्धा तास, एकही वाक्य अर्धवट न सोडता. एवढी चांगली विद्यार्थिनी माझ्या वर्गात कधी नव्हती. शेवटी म्हणाल्या, "आनि दूध कोन लई जाई धुळाले?"

त्याचं उत्तर माझ्याकडे होतं.

१३ डिसेंबर, शुक्रवार

सकाळपासून युवराजच्या दुकानात. एलईडी काढले. कंपनीचे जसे असतात तसे साधे नवे बल्ब, आणि पुरेशी वीज पोचावी म्हणून नवी वायर. काच मात्र मी स्वतः घासली. आधी खरखरीत कागद, मग मऊ, मग पॉलिश. दीड तास. सवयीने तोंडाची वाफही दिली. पिवळा पापुद्रा गेला आणि आतला दिवा स्वच्छ दिसायला लागला. इतके दिवस बल्बला नावं ठेवत होतो, धूळ काचेवर होती. राख हवी होती जवळ.

"गुरुजी, आता फोकस..."

"बोल, पूर्ण बोल."

"फोकस रेघेखाली घेतो. उजवीकडे सपाट, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. डावीकडे थोडा वर चढलेला, म्हणजे कडेचा माणूस, बैल, ट्रॉली लांबून दिसते. तुम्ही वरती फेकून जो उजेड वाया घालवत होतात, तो सगळा रस्त्यावर येतो." एका दमात बोलला. कान लाल झाले होते त्याचे.

संध्याकाळी भिंतीपुढे उभा केला. खडूच्या रेघेखाली उजेड सुरीने कापल्यासारखा थांबला. डावीकडचा चढ सोडला तर वर अंधार. खाली, डोळे सरावताच, स्वच्छ, भरभरून:

पायापुढे उजेडाचा अंथर तू शेला,
समोरून येणारा तो सोबतीच झाला.

पस्तीस वर्षांपूर्वी यमकासाठी भरलेल्या ओळी. फोटो काढला. गुण लिहिले नाहीत.

मंडळी ओट्यावर होती. त्यांना सगळं सांगितलं. मग झुलाल म्हणाला, "गुरुजी, त्या दिवशी मी तोंड फिरवलं ना, ते रडू आलं म्हणून नव्हतं."

सगळा ओटा हसला. माझ्यावर हसला. बरं वाटलं.

१५ डिसेंबर, रविवार

सुलक्षणा आली, भरिताची वांगी घेऊन. किल्ली आधीच तिच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. अभिमनचं, नमस्कारांचंही. नमस्कारांमागचं खरं कारण कमल पहिल्यांदाच ऐकत होती. तिने सात आणि अकराची बेरीज करून माझ्याकडे पाहिलं. मग वांगी भाजायला आत गेली.

"म्हणजे मी बरोबर होते, नाना."

"अर्धी बरोबर. दिव्यांचाही दोष होता. पण फोटो दाखवणार नाही तुला. चल."

तेवढ्यापुरती किल्ली परत घेतली आणि दिवेलागणीला दोघं फरशीवर गेलो. तिला अभिमनच्या जागी उभं केलं आणि मी वळणापलीकडून बगळी आणली. दिव्यांच्या उजेडात आधी तिच्या चपला दिसल्या, मग साडीचा काठ. चेहरा अंधारात होता, पण हात दिसत होते. दोन्ही हात पर्सवर, घट्ट. जवळ जाऊन थांबलो तरी हलले नव्हते.

ती आली, दार उघडून शेजारी बसली. थोडा वेळ समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली.

"ते बाभळीखाली काय आहे, कुत्रं?"

"कालवड. मघाशीच दिसली मला."

तिने किल्ली पुन्हा मागितली नाही. फक्त म्हणाली, "मार्चमध्ये परत उभी राहून बघणार आहे. आणि डोळेही तपासायचे."

"कबूल."

१७ डिसेंबर, मंगळवार

तास झाल्यावर अभिमनच्या दोन किटल्या मागच्या सीटवर पट्ट्याने बांधून धुळ्याला आणल्या. त्याचा पाय सुटेपर्यंत मंगळवार-शुक्रवार माझे, बाकीचे दिवस त्याच्या भावाचे. मंदाबाईंनी बजावलं, "वळणवर हळू, नहीतं दुधनं ताक व्हई." अभिमनला तासाला बसता यावं म्हणून चौघांनी त्याला खाटेसकट ओट्यावर आणलं होतं. तिसरीतली कविता त्याने डोळे मिटून अखेरपर्यंत म्हटली. एका जागी अडखळला. मी सांगणार तोच त्याने हात करून थांबवलं मला, आणि स्वतः आठवून पुढे गेला. मला! हात करून!

परतीच्या वाटेवर समोरून तेरा जण आले. गवताच्या भाऱ्याची बाईसुद्धा.

एकानेही नमस्कार केला नाही.